सवय होईल!

पोळ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. धानोऱ्याला घरी गेलो होतो. संध्याकाळची वेळ, पाऊस नुकताच उघडलेला, आणि शेजारच्या अंगणात बैलांची खांद शेकणं चाललं होतं. पळसाच्या पानाने खांद्यावर लोणी-हळद लावत होते. वर्षभर जू वाहून तिथे घट्टा पडतो, त्याला जरा आराम मिळावा म्हणून ही सगळी व्यवस्था. मी ओट्यावर बसून चहा पीत ते बघत होतो.

तेवढ्यात ताईची गाडी दारात आली. ताई उतरली ती डावा पाय ओढतच.

"काय झालं गं?"

"काही नाही रे. क्लच."

एवढं बोलून ती आत गेली. गुडघ्याला बाम चोळून, पाय लांब करून तासभर तशीच बसली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नवीन नवीन होतेच तसं. सवय होईल." भाऊजींनी पेपरातून मान वर न काढता तेच सांगितलं. काकांनी तर थेट निकाल दिला, "बायकांच्या पायात तेवढा जोर नसतो. ऑटोमॅटिक घ्यायला पाहिजे होती." (काका, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. वाचाच.)

आणि त्याच वेळी कुंपणापलीकडे बैलाच्या खांद्याला लोणी लागत होतं. बैलाला कोणी म्हणत नव्हतं की सवय होईल.

ताई मुरूमगावच्या रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. धानोऱ्याला रेल्वे नाही, एसटी आहे पण ती शाळेच्या वेळेला विचारून सुटत नाही. आधी ती स्कूटीने जायची. पावसाळ्यात जंगलातला तो रस्ता आणि नाल्यांवरचे रपटे स्कूटीने पार करायचे म्हणजे काय, ते इकडच्यांना सांगायला नको. म्हणून तिने सेकंडहँड छोटी गाडी घेतली. स्वतःच्या पैशाने. गाडी शिकायला तिला महिना लागला. त्यानंतर सहा महिने ती हा क्लच दाबत होती, आणि सहा महिने तिला सगळे सांगत होते की सवय होईल.

त्या रात्री जेवताना ती सहज बोलावं तसं म्हणाली, "तिकडेच खोली घ्यावी म्हणते. आठवड्यातून एकदा येत जाईन." तिची मुलगी तिसरीत आहे, आमच्या आईकडे राहून धानोऱ्यालाच शिकते. ती पानावरून मान वर करून आईकडे बघायला लागली. मला घास गिळवेना. एक घर आठवड्याचे पाच दिवस तुटणार होतं. कशामुळे? नोकरीमुळे नाही, जंगलामुळे नाही, पावसामुळेही नाही. एका पेडलमुळे!

तुम्ही म्हणाल गॅरेजला दाखवायचं ना. दाखवलं होतं की. दोन ठिकाणी. एकाने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "क्लच असाच राहते जी मॅडम. होऊन जाईन सवय." दुसऱ्याने दोन पर्याय दिले. एक, पूर्ण क्लच सेट बदला, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं. त्याचा आकडा ऐकून ताई परत आली. दोन, गिअरबॉक्सवर जो क्लचचा आर्म असतो त्याला वेल्डिंगने पट्टी जोडून तो लांब करू, "एकदम मख्खन होऊन जाईन." याच्याबद्दल पुढे सांगतो.

मी मेकॅनिक नाही, नागपूरला बँकेत नोकरी करतो. पण "सवय होईल" या दोन शब्दांनी माझं डोकं तापतं आणि त्याला कारण आहे. हे दोन शब्द आपण सल्ला म्हणून देतो, पण तो सल्ला नसतोच. "मी बघणार नाही" असं तोंडावर म्हणता येत नाही, म्हणून आपण हे म्हणतो. चष्म्याचा नंबर चुकला, सवय होईल. शाळेतला बाक उंच आहे, सवय होईल. सुनेला चूल फुंकून खोकला येतो, सवय होईल. माणसाला सवय होते हे खरंच आहे. ताईच्या गुडघ्यालाही झाली असती, दुखण्याची. पण पेडल त्यामुळे हलकं झालं नसतं.

आणि हे सांगितलं कोणाला जातं तेही बघा. हीच गाडी भाऊजींनी दोनदा चालवली होती. क्लच जड आहे हे त्यांनाही जाणवलं होतं. पण त्यांना जाणवला तेव्हा तो गाडीचा दोष होता आणि ताईला जाणवला तेव्हा तो पायाचा दोष झाला. तक्रार तीच, गाडी तीच, फक्त तक्रार करणारा बदलला.

असो. आता गाडीकडे वळतो, कारण नुसतं रागावून पेडल हलकं होत नाही.

मारुती ८०० आणि तिच्या पिढीतल्या बहुतेक छोट्या गाड्यांत क्लच केबलवर चालतो. सायकलच्या ब्रेकची केबल असते ना, तसलीच, जरा जाड. बाहेर नळी, आत तार. पेडल दाबलं की तार ओढली जाते, तार गिअरबॉक्सवरचा आर्म ओढते, तो आर्म आतलं बेअरिंग ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटची गोल स्प्रिंग दाबतं आणि इंजिन चाकांपासून सुटतं. म्हणजे पायाला लागणारा जोर मुख्यतः तीन ठिकाणी खर्च होऊ शकतो: पेडलच्या बिजागरीत, केबलमध्ये, किंवा आत प्रेशर प्लेटमध्ये. यातला शेवटचा जोर आवश्यक आहे, तो स्प्रिंगचा आहे. पहिले दोन निव्वळ घर्षण. पाय दुखवण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग नाही.

केबलचं घर्षण किती असू शकतं? पोळ्याच्या दिवशी हे समजायला सोपं आहे. उधळलेला बैल दोरीला नुसता धरला तर तो आपल्याला फरफटत नेतो. पण त्याच दोरीचे खुंट्याला दोन वेढे दिले की पोरगंही त्याला धरून ठेवतं. वेढा जितका जास्त, तितकं घर्षण वाढतं आणि तेही बेरजेने नाही, गुणाकाराने. दोरीने बैल धरायचा असेल तेव्हा हे घर्षण आपल्या बाजूने असतं. केबलने क्लच ओढायचा असतो तेव्हा तेच आपल्या विरुद्ध जातं. केबलला एक तीव्र वळण पडलं आणि पुढे ती परत सरळ झाली, तर जाताना ९० अंश आणि येताना ९०, म्हणजे अर्धा वेढा झाला. घर्षणांक ०.१ धरला तर पलीकडे १० किलोचा ओढ पोचवायला अलीकडे जवळपास १४ किलो लावावे लागतात. केबल कोरडी, आतून खरवडलेली असेल आणि घर्षणांक ०.२ झाला, तर जवळपास १९. एवढा फरक पडतो, आणि क्लच सेटला काहीही झालेलं नसतं.

दिवसात क्लच दोनशे वेळा दाबला आणि दर वेळी फक्त पाच किलो जास्त लागले असं धरा. संध्याकाळपर्यंत हजार किलो होतात. एका गुडघ्यावर.

पोळ्याच्या दिवशी सकाळी ताई आणि मी अंगणात गाडी घेतली. इंजिन थंड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. आधी प्लेटची परीक्षा केली, कारण प्लेट झिजली की प्रेशर प्लेटची स्प्रिंग जागा बदलते आणि पेडल जड होऊ शकतं. तसं असेल तर बाहेरून कितीही ग्रीस लावा, उपयोग नाही. परीक्षा सोपी आहे: समोर मोकळी जागा ठेवून, हँडब्रेक पक्का ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर प्लेट धरते आहे. बंद न पडता घरघरत राहिलं तर प्लेट घसरते आहे, गॅरेजला जा. (ही परीक्षा एकदाच. पुन्हा पुन्हा करून प्लेट जाळायची नाही.) आमची गाडी हिसका देऊन बंद पडली. म्हणजे पूर्ण सेट बदलायची घाई नव्हती.

मग गिअरबॉक्सच्या बाजूची नट सैल करून केबल आर्मवरून सोडवली. आता पेडलला ओढायला पलीकडे काहीच नव्हतं. ताईला म्हटलं, पेडल हाताने दाब. दाबलं तर कुईं असा आवाज, आणि मध्ये अडकत अडकत खाली गेलं. पलीकडे कुठलाच भार नसताना! पावसाळाभर चिखलाचे ओले पाय त्या पेडलवर येतात, वरचा बुश कोरडा पडून गंजासारखा झालेला. आरोपी नंबर एक.

मग पेडलवरूनही केबल सोडवून आतली तार दोन बोटांनी ओढली. चांगल्या केबलची तार सुळकन येते. आमची खरखरत आली आणि एका जागी थबकली. तिचा माग काढत गेलो तर बॅटरीपाशी सापडलं. कधीतरी बॅटरी बदलताना कोणीतरी ही केबल बाकीच्या वायरींबरोबर प्लॅस्टिकच्या टायने करकचून बांधून टाकली होती. दिसायला नीटनेटकं. पण केबलला तिथे कोपराएवढं वाकडं वळण पडलं होतं. आरोपी नंबर दोन.

आम्ही काय केलं? टाय कापला. केबलला मोठं, सैल वळण दिलं. सायलेन्सरच्या गरम भागापासून, बॅटरीच्या टोकांपासून आणि फिरत्या पट्ट्यापासून लांब. तिने पुन्हा तिथे जाऊ नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिचा ढिला पाळणा केला आणि टाय त्या पाळण्याला बांधला, केबलला नाही. इंजिन जागेवर हलतं, म्हणून केबलला थोडा मोकळेपणा हवाच. पेडलचा बुश पुसून ग्रीस लावलं. पेडलखाली एकावर एक दोन पायपुसणी होती (वरची काकांनी भेट दिलेली :)), ती दोन्ही काढली. शेवटी नट फिरवून पेडलची मोकळी चाल ठेवली. म्हणजे पेडल सुरुवातीला काही जोर न लागता साधारण दीड-दोन सेंटिमीटर जातं ती. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच पाळायचा. चाल अजिबात नसेल तर बेअरिंग कायम घासत राहतं आणि प्लेट घसरते. जास्त असेल तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर कर्र करतात.

खर्च म्हणाल तर ग्रीसची छोटी डबी आणि दोन टाय. वेळ दीड तास, त्यातला अर्धा तास पाना शोधण्यात.

ताई सीटवर बसली, क्लच दाबला, सोडला, परत दाबला. काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा एवढाच असतो?"

आता त्या लांब आर्मबद्दल. आर्म लांब केला की पेडल हलकं होतं, यात खोटं काही नाही. पण तरफेचा हिशोब रोखीचा असतो. जेवढा जोर वाचतो तेवढं अंतर द्यावं लागतं. पेडल तेवढंच खाली जाणार, तार तेवढीच ओढली जाणार, आणि लांब आर्म त्यात पूर्वीपेक्षा कमी फिरणार. मग क्लच अर्धवट सुटतो, गिअर कर्रकर्र करत पडतात, आणि वर्षभरात गिअरबॉक्सचं काम निघतं. शिवाय ते वेल्डिंग जंगलातल्या रस्त्यात सुटलं तर? पाय खूश आणि गाडी नाल्यात. याला दुरुस्ती म्हणत नाहीत. दुखणं इथून उचलून तिथे ठेवणं म्हणतात.

उलट टोकाचेही लोक असतात. पुण्याच्या माझ्या एका मित्राच्या गाडीला हायड्रॉलिक क्लच आहे. त्याच्या पेडलजवळ एक मदतीची स्प्रिंग होती. ही स्प्रिंग सुरुवातीला पेडल वर ढकलते आणि मध्य ओलांडला की खाली जायला मदत करते. त्यामुळे क्लच नेमका कुठे धरतो ते पायाला नीट कळत नाही, म्हणून त्याने ती काढून टाकली. आता पेडल जड लागतं पण सरळ बोलतं, असं तो म्हणतो. त्याला ते हवं होतं, त्याने ते केलं, ठीक. पण हाच उपाय मी ताईला करून दिला असता तर तो अडाणीपणा झाला असता. बदल करण्याआधी पाय कोणाचा आहे ते विचारायचं असतं.

"पण हे तज्ज्ञांचं काम आहे, घरी हात कशाला लावायचा?" हा प्रश्न येणारच. ज्यांना हा पडेल त्यांनी धानोऱ्याहून गडचिरोलीच्या रस्त्याला लागावं. वाटेत चातगाव लागतं. तिथल्या शोधग्रामहून काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ साली ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचा श्वास मोजायचा, ताप बघायचा, जंतुदोषाची लक्षणं ओळखायची, आणि वेळ पडली तर इंजेक्शनही द्यायचं. हे काम डॉक्टरचंच, असं तेव्हा सगळं जग मानत होतं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून आशांमार्फत हीच पद्धत देशभर गेली. धानोऱ्याजवळच्याच मेंढा (लेखा) गावाला २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे पास हातात यायला २०११ उजाडलं. जंगल तुमचं, पण हात लावू नका! गाडी तुमची पण बॉनेट आमचं, असं म्हणणाऱ्यांची जात हीच.

बाळाचा जीव आणि क्लचची केबल एका तागडीत घालतोय असं समजू नका. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या बायांनी तज्ज्ञाला हटवलं नाही, "मी बघणार नाही" हे हटवलं. त्यांना काय करायचं तेही शिकवलं होतं, आणि कुठे थांबून बाळाला दवाखान्यात न्यायचं तेही. गाडीतही हीच रेघ आहे. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांना घरी हात लावायचा नाही. प्लेट घसरत असेल, हायड्रॉलिक क्लचचं तेल गळत असेल, तर गॅरेज. पण बुशला ग्रीस, केबलचं वळण, मोकळी चाल, पायपुसणं? हे ज्याला बघता येतं त्याने बघायचं.

आणि काका, ऑटोमॅटिकबद्दल. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी आणलं आणि मग छोट्या गाड्यांत ते सर्रास झालं. त्यात क्लच गेलेला नाही बरं का, क्लच तोच आहे. फक्त तो दाबायला पायाऐवजी यंत्र बसवलं. म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनी कबूल केलं की हे पायाचे कष्ट कमी करण्यासारखे आहेत. त्यांना कोणी म्हटलं नाही की सवय होईल. पैसे असतील तर जरूर घ्यावी. पण ताईकडे होती ती गाडी होती, आणि त्या गाडीत बिघाड होता. बिघाडाला उपाय म्हणून दुसरी गाडी सुचवणं, हाही न बघण्याचाच श्रीमंत प्रकार आहे.

हे सगळं एका दिवसात सुखासमाधानाने संपलं असं मात्र नाही. पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला, क्लच परत थोडा खरखरतो म्हणून. वाकून वाकून केबलचं आतलं अस्तर कापलं गेलं होतं. मी म्हटलं, तेल घालून बघू नकोस. आत प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या केबलला तेल-ग्रीस लावायचं नसतं, काही तेलांनी ते अस्तर फुगतं आणि तार आणखी आवळते. नवीनच आण. मी येतो पुढच्या शनिवारी, घालून देतो.

"तू कशाला येतोस? फोन चालू ठेव," ती म्हणाली.

गडचिरोलीहून तिने केबल आणली आणि रविवारी दुपारी स्वतः घातली. मी नागपुरात फोन कानाला लावून बसलो होतो. मध्येमध्ये पाना पडल्याचा आवाज, एकदा भाची "आई, टॉर्च इकडे धरू?" म्हणाली, आणि दोनदा ताईने असे शब्द वापरले जे जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेने वापरू नयेत. एकदा चाल जास्त राहिली, रिव्हर्स कर्र करून पडला. नट परत फिरवली. मग जमलं.

गुडघा अजून थोडा दुखतो. सहा महिन्यांचं दुखणं सहा दिवसांत जात नाही. पण तिकडे खोली घ्यायचं बोलणं परत निघालं नाही. गाडीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तिने पेनाने तारीख लिहून ठेवली आहे, केबल घातल्याची, आणि खाली पुढे बघायची.

नातेवाईक मंडळींना एकच विनंती. यापुढे घरात कोणी म्हटलं की हे जड जातंय, तर "सवय होईल" म्हणण्याआधी एकदा वाकून खाली बघा. काहीच सापडलं नाही तर मग म्हणा.